नॉर्मल झालं म्हणजे सगळं नॉर्मल होतं का?

निंबोणी | ४ जून, दुपारी २.१०

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लेक झोपलीय, सासूबाई देवळात गेल्यात, म्हणून लिहून टाकते.

माझं पहिलं बाळंतपण. मुलगी आता सात महिन्यांची आहे. चौदा तास कळा दिल्या, शेवटी योनीच्या तोंडाशी कट देऊन बाळ काढलं. कट देतोय हे मला कुणी सांगितलं नाही. टाके घालताना "हलू नका हो" एवढंच ऐकू आलं. किती टाके पडले ते आजही मला माहीत नाही.

माझ्या जावेचं त्याच महिन्यात सिझेरियन झालं. घरी येणारा प्रत्येक जण तिला म्हणायचा, "पोट फाडलंय, जप गं." आणि मला, "तुझं बरं झालं, सुटलीस." सव्वा महिना संपला त्या सकाळी मी पोळ्यांना उभी होते. तेव्हाही एका कुल्ल्यावर भार देऊनच बसता यायचं.

खरी अडचण पुढे आहे. आमचे संबंध अजून सुरू झालेले नाहीत. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा टाक्यांच्या जागी काहीतरी चिरल्यासारखं दुखलं आणि मी रडायला लागले. शिंक आली की लघवीचे दोन थेंब जातात ते वेगळंच. नवरा समजूतदार आहे, एका शब्दानं बोलत नाही. पण आता तो जवळ आला की मीच कूस बदलते. जाव म्हणते, तिला खाली काहीच त्रास नाही.

रोज एकच विचार येतो. मी सिझर मागून घेतलं असतं तर हे टळलं असतं का? पुढच्या खेपेला मागून घ्यावं का? तुमचे अनुभव सांगा. नाव बदलून लिहिलंत तरी चालेल, पण खरं लिहा.

पारिजातक | ४ जून, दुपारी २.४५

अगं, तू एकटी नाहीस. मला अकरा महिने लागले. आणि त्या अकरा महिन्यांत मी एकाही माणसाजवळ हे बोलले नव्हते, आज इथे पहिल्यांदा लिहितेय.

माधवी_ठाणे | ४ जून, दुपारी ३.३०

निंबोणी, तुझ्या जावेला त्रास नसेल तर चांगलंच आहे. पण "सिझर म्हणजे खालचं सगळं शाबूत" असं मात्र समजू नकोस. माझी दोन सिझर झालीत. पहिलं अचानक ठरलं. बाळाचे ठोके मंदावायला लागले, सही घेतली आणि वीस मिनिटांत टेबलावर. मूल सुखरूप आलं, डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण टाक्याच्या वरचा बोटभर भाग आज सहा वर्षांनीही बधिर आहे. साडीची निरी खोचताना तिथे हात लागला की दुसऱ्याच कुणाच्या अंगाला लागल्यासारखं वाटतं. पहिले काही महिने नवऱ्याचं वजन पोटावर येईल या भीतीनंच अंग आखडायचं. दुखायचंसुद्धा, आणि आत, म्हणजे जिथे टाके नव्हतेच तिथे. का ते मला कळायचं नाही.

त्यावर नातेवाइकांचं बोलणं, "हिला कळा कुठे सोसाव्या लागल्या!" मी अकरा तास कळा सोसून मग सिझरला गेले होते. दोन्ही सोसलं, आणि दोन्हीचं श्रेय गेलं.

कोकणकन्या | ४ जून, सायंकाळी ५.०५

माझं वय सदुसष्ट. तिन्ही बाळंतपणं माहेरी, राजापूरजवळच्या आमच्या गावात, सुईणीच्या हातची. मुलींनो, आमच्या वेळी हा प्रश्न असा उभा राहायचा नाही, कारण तीन-तीन महिने आम्ही माहेरी असायचो. नवरा बारशाला यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. तेल-पाणी, शेक, पोट बांधणं, वेळेवर ऊन ऊन भात. शरीराला उसंत मिळायची. आता दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी, आणि दीड महिन्यात घरकाम नाही तर ऑफिस. शरीर काय म्हणेल?

दुखायचं का? दुखायचं बायो. पण ते सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

रानवारा | ४ जून, सायंकाळी ५.४०

कोकणकन्या मावशी, विश्रांतीबद्दल शंभर टक्के पटलं. पण शेक-शेगडीबद्दल थोडं वेगळं मत आहे. माझ्या आजीनं हौसेनं बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, ओवा-बाळंतशेपा टाकला, दार बंद. धुरानं बाळ खोकायला लागलं आणि माझ्या टाक्यांपाशी भाजून फोड आला. त्या फोडानं टाके पिकले. कोमट पाण्यात बसणं वेगळं आणि निखारे वेगळे.

कोकणकन्या | ४ जून, रात्री ८.१५

बरोबर आहे तुझं. माझ्या मोठ्या जावेची मांडी भाजली होती, ते आठवलं. शेगडी नकोच. डिंकाचे लाडू मात्र सोडू नका.

मसालेभात | ४ जून, रात्री ८.३०

लाडवांवरून आठवलं. माझ्या आईनं पहिल्याच महिन्यात डिंकाचे आणि अळिवाचे मिळून दीडशे लाडू केले होते. त्यातले शंभर तरी नवऱ्यानं आणि दिरानं संपवले. बाळंतीण कोण तेच कळेना!

जुनेजाणते | ४ जून, रात्री ९.५०

विषयाचं गांभीर्य मान्य आहे. पण नवरा-बायकोतल्या या गोष्टी चारचौघांत मांडाव्यात का? आपल्याकडे हे दाराआडचं मानलं जातं, त्यात काही शहाणपण असेलच की.

विदर्भकन्या | ४ जून, रात्री १०.२०

जुनेजाणते, तुमचा मान ठेवून लिहिते. मी गडचिरोली जिल्ह्यातली. डॉ. राणी बंग यांनी आमच्याच जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. दाराआड ठेवल्यानं हे झालं. माझ्या आजीचं मायांग, म्हणजे गर्भाशय, बाहेर यायचं. वीस वर्षं ती कापडाचा बोळा लावून धान रोवत होती. घरातल्या एकाही पुरुषाला पत्ता नव्हता आणि बायकांना असून नसल्यासारखा. मला त्या शहाणपणाचा राग येतो.

जुनेजाणते | ४ जून, रात्री १०.५५

वाचलं. माझ्या आईलाही असंच काही असावं, असं आता वाटतंय. ती शेवटची काही वर्षं बसने प्रवास टाळायची आणि आम्ही तिला हट्टी म्हणायचो. माझा आक्षेप मागे घेतो. चालू द्या चर्चा.

सूतिका | ५ जून, सकाळी ७.२०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, एका तालुक्याच्या गावी २२ वर्षं बाळंतपणं करतेय. ओपीडीच्या आधी थोडं सविस्तर लिहिते.

निंबोणी, पहिली गोष्ट. सात महिन्यांनी दुखतंय हे पुष्कळ जणींचं होतं, पण म्हणून ते सोसत बसायचं नसतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या सहा रुग्णालयांतल्या पहिलटकरणींना बाळंतपणानंतर दीड वर्षापर्यंत विचारत राहून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. संबंध सुरू केलेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त जणींना पहिल्या वेळी दुखलं होतं. दीड वर्षानंतरही जवळपास दर चौघींत एकीला दुखत होतं. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे: ज्यांना नॉर्मलमध्ये कट किंवा टाके पडले नाहीत त्यांच्या तुलनेत सिझेरियनवाल्यांना दीड वर्षानं दुखण्याची शक्यता जवळपास दुप्पट होती. व्हॅक्यूमनं, म्हणजे डोक्याला वाटी लावून, बाळ ओढून काढलेल्यांनाही तेवढीच. म्हणजे सिझर केलं की हा त्रास टळतो, असं नाही.

माधवी, टाके पोटावर आणि दुखणं खाली, हे कोडं मला पेशंट नेहमी घालतात. एक कारण असं: अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक खाली गेलेलं असतं. योनीचा आतला पडदा पातळ आणि कोरडा होतो, पाळी जाताना होतो तसाच. बाळ वरून आलं की खालून, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यात झोप नाही, हिमोग्लोबिन कमी, आणि दुखेल या धास्तीनं स्नायू आधीच आवळून घेतलेले. पाण्याचा आधार असलेलं वंगण मेडिकलमध्ये मिळतं, ते मागायला लाजू नका. त्यानं भागलं नाही तर डॉक्टर तपासून इस्ट्रोजेनचं मलम देतात.

मग पद्धतीनं काहीच फरक पडत नाही का? पडतो. शिंकताना लघवी जाणं आणि मायांग खाली येणं हे नॉर्मलनंतर जास्त, चिमटा (फोर्सेप्स) लावून बाळ काढलं असेल तर आणखी. शौचाच्या जागेपर्यंत फाटलं असेल तर वर्षानुवर्षं त्रास राहू शकतो. उलट सिझरमध्ये रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आत अवयव एकमेकांना चिकटणं, आणि पुढच्या गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) खाली किंवा जुन्या टाक्यात रुतून बसण्याचा धोका. दर सिझरगणिक तो वाढतो.

आता कटाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की सरसकट प्रत्येकीला कट देऊ नये. मी शिकले तेव्हा पहिलटकरीण म्हणजे कट, असा नियमच होता. मीही शेकडो दिले. आता गरज असेल तरच देते, आणि "ताई, कट देतेय, बाळाचे ठोके मंदावलेत" असं सांगून देते. ते वाक्य बोलायला पाच सेकंद लागतात. तुला ते कुणी ऐकवलं नाही याचं मला वाईट वाटतं.

अनिकेत_सातारा | ५ जून, सकाळी ९.१०

पुरुष म्हणून लिहू का, असा विचार करत होतो. आमच्या मुलाच्या वेळी मी लेबर रूमच्या बाहेर बाकावर बसून होतो, आतून ओरडणं ऐकू येत होतं. घरी आल्यावर बायको जवळ येईना. मला वाटायचं, आता तिला मी नको, मूल पुरे. मी पण अबोला धरला. चार महिने असे गेले. एकदा तिला बाथरूममधून यायला फार वेळ लागला म्हणून दार वाजवलं, तर ती शौचाला बसल्यावर टाके तुटतील या भीतीनं घामाघूम झाली होती. मला टाके आहेत एवढं माहीत होतं, ते कुठे असतात हेच नीट माहीत नव्हतं. दवाखान्यात मला बिल समजावलं, बाळाच्या लशींचं कार्ड समजावलं. हे कुणी समजावलं असतं तर ते चार महिने वाचले असते.

पारिजातक | ५ जून, सकाळी ९.२५

अनिकेत, हे लिहिलंत म्हणून आभार. नवऱ्याला वाचायला पाठवलंय.

चिवचिव | ५ जून, सकाळी ११.००

अवांतर आहे, पण सूतिका ताई, सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं तेव्हापासून माझी कंबर धरते. सगळ्या जणी म्हणतात त्या सुईनंच. खरं का?

सूतिका | ५ जून, दुपारी १.३०

सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते. वर्षभर धरणारी कंबर त्या इंजेक्शननं नसते. पोटाचे स्नायू सैल झालेले, वाकून पाजणं, एका कडेवर मूल. मांडीवर उशी घे आणि बाळाला छातीपर्यंत उचलून पाज, आपण बाळाकडे वाकू नकोस. व्हिटॅमिन डी तपासून घे.

रु_लियाँ | ५ जून, दुपारी ४.१५

मी मूळची नाशिकची, फ्रान्समध्ये राहते. इथे बाळंतपणानंतर कटितळाच्या (मूत्राशय, गर्भाशय खालून तोलून धरणाऱ्या) स्नायूंचे व्यायाम शिकायला दहा बैठका लिहून देतात, त्याचे पैसे सरकारी विमा भरतो. मला पहिल्यांदा फार संकोच वाटला. शिकवणारी सुईण मात्र दात तपासल्यासारखी सहज विचारत होती: लघवी थांबते का, शौच नीट होतं का, संबंध सुरू केले का, दुखतं का. सिझर झालेल्या मैत्रिणीलाही तेच प्रश्न, त्याच बैठका. मी आईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आम्हाला दूध येतं का एवढंच विचारायचे."

माधवी_ठाणे | ५ जून, दुपारी ४.४०

माझ्या सहाव्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांनी टाका बघितला, बाळाचं वजन बघितलं आणि "कॉपर-टी बसवायची का" विचारलं. संपलं.

चारोळी | ५ जून, सायंकाळी ६.३०

कॉपर-टीवरून एक सावध करते. "अंगावर पाजतेय, पाळी आली नाही, म्हणजे दिवस जात नाहीत" यावर आम्ही बसलो आणि धाकटा तेरा महिन्यांच्या अंतरानं आला. दोघंही जीव की प्राण आहेत, पण ते दीड वर्ष मला आठवतच नाही.

सूतिका | ५ जून, रात्री ९.४५

चारोळी, याला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पाळल्या तरच भरवसा: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध. वरचं काही सुरू झालं की अट मोडली. पाळी यायच्या आधी बीज सुटतं, त्यामुळे पाळी न येताच दिवस जाऊ शकतात.

हालचाल | ६ जून, सकाळी १०.१०

मी फिजिओथेरपिस्ट, याच कामात आहे. निंबोणी, आता सगळ्या जणी तुला "कीगल कर", म्हणजे खालचे स्नायू आवळायचे व्यायाम कर, असं सांगतील. थांब जरा. डॉ. अर्नोल्ड कीगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले ते ढिल्या पडलेल्या स्नायूंसाठी. तुला दुखतंयही आणि थेंबही जातायत. असे स्नायू पुष्कळदा ढिले नसतात, दुखऱ्या जागेला जपून जपून आवळलेले असतात. आवळलेली मूठ आणखी आवळून ताकद येत नाही. आधी ती सोडायला शिकायचं. श्वास पोटात घेऊन खालचं अंग सैल सोडणं, व्रणाला तेलाचं बोट लावून हलका मसाज, आणि मग आवळणं-सोडणं. पण आधी कुणाला तरी हातानं तपासू दे. सिझरच्या व्रणालाही असाच मसाज लागतो, माधवी, तुम्हाला आजही त्याचा उपयोग होईल.

अबोल | ६ जून, रात्री ११.५०

मी फक्त वाचते, कधी लिहीत नाही. माझं बाळंतपण कागदावर सगळ्यात उत्तम झालं. नॉर्मल, सहा तास, एकही टाका नाही. पण आत एक बाई सारखी म्हणत होती, "करताना मजा आली ना, मग आता ओरडते कशाला." बाळ चार महिन्यांचं आहे. नवऱ्यानं खांद्यावर हात ठेवला तरी मला ते वाक्य ऐकू येतं. शरीराला काही झालेलं नाही. मग मला काय झालंय?

विदर्भकन्या | ७ जून, सकाळी ६.४०

अबोल, तुला इजा झालीय. ती टाक्यांत दिसत नाही एवढंच. हे वाक्य मी सरकारी दवाखान्यात ऐकलंय आणि माझ्या बहिणीनं भरपूर पैसे भरून खासगीत ऐकलंय.

सूतिका | ७ जून, सकाळी ७.०५

अबोल, माझ्या पेशातल्या माणसांच्या वतीनं मी तुझी माफी मागते. प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठी केंद्र सरकारची 'लक्ष्य' योजना २०१७ मध्ये आली, तिच्यात सन्मानानं वागवणं आणि सोबतीला आपलं माणूस असणं हे लिहिलेलं आहे. म्हणजे तू मागत होतीस तो लाड नव्हता, ते तुला मिळायलाच हवं होतं.

आता तुझ्यासाठी. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येतं, दोनेक आठवड्यांत ओसरतं. तुला चार महिने झालेत. बाळ झोपल्यावरही झोप लागत नाही का? कशात मन लागत नाही, तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो असं होतंय का? तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. पाजत असतानाही चालतील अशी औषधं असतात. जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. थायरॉइडही तपासून घे, बाळंतपणानंतर तो बिघडून असंच गळून गेल्यासारखं होतं. आणि स्वतःला संपवावं किंवा बाळाला काही करावं असा विचार क्षणभर जरी आला, तर घरच्यांना उठवून त्याच क्षणी दवाखान्यात.

अबोल | ७ जून, सकाळी ७.३०

तसा विचार नाही आला. झोप मात्र नाही. नवऱ्याला आत्ता ते वाक्य सांगितलं. तो काही बोलला नाही, चहा केला आणि बाळाला घेऊन खाली गेला. आज नंबर लावते.

मसालेभात | ७ जून, सकाळी ८.००

सगळ्यांना एक विचारते. मूळ प्रश्न राहिलाच की, पुढच्या वेळी सिझर मागून घ्यावं का?

रानवारा | ७ जून, सकाळी ९.१५

माझ्या मते हक्क हवा. शरीर तिचं आहे. चौदा तासांची आठवण घेऊन पुन्हा त्याच टेबलावर जा असं तिला कोण सांगणार?

विदर्भकन्या | ७ जून, सकाळी ९.४०

हक्क हवाच, पण कळा आल्यावर घाबरवून सही घेणं म्हणजे हक्क नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियन होती, सरकारीत १४.३. बायकांची शरीरं दवाखान्याच्या पाटीवरून बदलतात का?

सूतिका | ७ जून, रात्री १०.३०

सरकारीतून गुंतागुंतीच्या केसेस खासगीत येतात तशा खासगीतून सरकारीतही जातात, त्यामुळे एवढी तफावत निव्वळ गरजेची नाही हे मी मान्य करते. रात्री दोनला बारा तास बसून वाट बघणं महाग पडतं, सिझर वेळेत आटोपतं. हे आमच्या पेशाचं दुखणं आहे.

निंबोणीला मात्र मी म्हणेन, आत्ता ठरवू नकोस. आधी हे दुखणं बरं कर. मग पुढच्या वेळी आठव्या महिन्यात डॉक्टरांसमोर बसून विचार: कट कधी देता, सोबत कुणाला येऊ देता, किती वेळ थांबता. या प्रश्नांवर ज्या डॉक्टर चिडतील त्यांच्याकडे नाव घालू नकोस. तपासणीत शौचाच्या जागेचा स्नायू फाटलेला निघाला, किंवा भीती खरंच फार असली, तर सिझर हाही रीतसर मार्ग आहे. त्यात हार काही नाही.

निंबोणी | १९ जुलै, दुपारी ३.००

धागा वर काढतेय. तुम्ही सगळ्यांनी लिहिलंत त्या रात्री मी ते नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. अनिकेत यांचा प्रतिसाद वाचताना तो उठून गॅलरीत गेला.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हातात आरसा दिला आणि "बघायचंय का" विचारलं. सात महिन्यांत मी तिकडे पाहिलंच नव्हतं. मला वाटत होतं तिथे काहीतरी भयंकर असेल. करंगळीच्या पेराएवढी एक पांढरट रेघ होती, आणि तिच्या टोकाला मसुराच्या दाण्याएवढं लाल मांस वाढलेलं. तेवढंच दुखत होतं. त्यांनी त्यावर वाढलेलं मांस जाळणारं सिल्व्हर नायट्रेट लावलं, दोनदा जावं लागलं. मलम दिलं. फिजिओकडे पाच वेळा गेले. हालचाल यांनी सांगितलं तेच निघालं, मी आवळून धरत होते. गाडी चालवतानासुद्धा, भाजी चिरतानासुद्धा.

शिंकेचे थेंब अजून आहेत, कमी झालेत. संबंधांबद्दल म्हणाल तर परवा पहिल्यांदा दुखलं नाही. थोडं ओढल्यासारखं झालं, मी "थांब" म्हटलं, तो थांबला, आणि मग मीच परत "ये" म्हटलं.

आणि एक. काल जाव माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या टाक्याजवळ पाळीच्या वेळी गाठ येते आणि दुखते, सहा महिने झाले, कुणाला सांगितलं नाही म्हणाली. सगळे जपतात, मग तक्रार कशी करायची? सूतिका ताई, हे काय असेल? येत्या सोमवारी आम्ही दोघी मिळून जातोय, मुलांना सासूबाई बघणार आहेत.

सूतिका | १९ जुलै, रात्री ९.२०

गाठ पाळीबरोबर दुखत असेल तर व्रणात गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा रुजलेला असू शकतो, सोनोग्राफी करून घ्या. उपाय आहे. गाठ दुखत असेल त्याच दिवसांत गेलात तर डॉक्टरांच्या हाताला ती नीट लागेल, त्यामुळे सोमवार तिच्या पाळीत येतोय का तेवढं बघा.